टाकीत उरलेलं औषध

सकाळचा चहा मी बसून प्यायल्याचं मला आठवत नाही. कप हातात, चष्मा नाकावर, आणि मी परसात. पानाची वरची बाजू येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते, मी खालची बघते. कीड कधी समोर येऊन बसत नाही. ती पानाच्या मागे, शेंड्याच्या बेचक्यात, कळीच्या देठाशी बसते, आणि आपल्याला कळेपर्यंत तिचं बिऱ्हाड मुलाबाळांसकट थाटलेलं असतं. आमचे हे म्हणतात, "तुझा संशयी स्वभाव झाडांवर भागतो ते बरंय, नाहीतर माझं काही खरं नव्हतं."

संशयी तर संशयी. पण त्याच स्वभावामुळे निम्म्या आळीतले लोक मला त्यांच्या झाडांचे फोटो पाठवतात. जास्वंदीवर कापूस चिकटल्यासारखं काय आहे? तो पिठ्या ढेकूण, जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, आणि बुंध्याशी मुंग्यांची रांग दिसली तर आधी तिचा बंदोबस्त करा, कारण मुंग्याच त्याला खांद्यावर घेऊन फिरवतात. लिंबाच्या पानावर कुणी चांदीच्या शाईने गिरगटलंय? ती नागअळी, ती पानं खुडून टाका. मिरचीची पानं आकसून बोकड्या झालाय? त्याला फुलकिडे नाहीतर पांढरी माशी, आणि तुम्ही उशीर केलाय. लोकांना वाटतं मला फार कळतं. मला कळतं ते एवढंच, की काहीतरी बिघडणार आहे हे धरूनच चालावं आणि रोज बघावं.

विकतचं औषध मात्र मी परसात येऊ दिलं नव्हतं. माझं माहेर आंब्याच्या कलमांच्या बागेतलं. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांवर फवारणी असली की आई दोरीवरचे कपडे आत घ्यायची, विहिरीवर झाकण घालायची आणि आम्हाला दार लावून घरात कोंडायची. खिडकीच्या फटीतून तो वास यायचा, गोडसर आणि घशाला धरणारा. संध्याकाळी फवारणारे गडी अंगणात डोकं धरून बसलेले असायचे. आमच्याकडे सगळे त्याला औषधच म्हणतात. मीही म्हणते. पण तो वास डोक्यातून गेलेला नाही.

आता गडग्याबद्दल सांगायला हवं. आमचं परस आणि शेजारच्या भाबींचं परस यांच्यामध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे. भाबी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचे यजमान आयुष्यभर आखातात राहिले आणि परत आल्यावर थोड्याच वर्षांत गेले. मुलगा बोटीवर असतो. घरात त्या आणि सून. या गडग्यावरून गेल्या वीस वर्षांत काय काय इकडचं तिकडे गेलं त्याला गणती नाही. वाट्या गेल्या, फणसाचे गरे गेले, इस्त्री गेली, ईदचा शिरखुर्मा आला, आमच्या मोदकांची परात गेली. तोडायच्या वस्तू तर कुणी कुणाला विचारतच नसे. हात पोचला की आपलं.

त्या वर्षी गडग्याच्या मुळाशी, मोरीचं पाणी जातं तिथे, टोमॅटोचं एक झाड आपसूक रुजलं. मी लावलं नव्हतं. खरकट्यातून पडलं असणार. गावठी, बोराएवढी फळं, आणि आंबट इतकी की दात शिवशिवावेत. ते वाढलं आणि गडग्यावर रेलून निम्मं भाबींच्या परसात उतरलं.

भाबींच्या सुनेला तेव्हा सहावा महिना होता. त्याआधी दोनदा गर्भ राहून गेला होता, एकदा तिसऱ्या महिन्यात आणि एकदा पाचव्या. दुसऱ्या वेळी नवरा बोटीवर होता आणि बोट कुठल्या तरी समुद्रात, फोन लागत नव्हता. ती पोरगी महिनाभर आमच्या परसाकडे पाठ करून बसायची. या खेपेला भाबींनी तिला तळहाताच्या फोडासारखी जपली होती. रिक्षा हळू चालव म्हणून रिक्षावाल्याशी भांडत. तिच्या खोलीतली खुर्ची हलवायची तर आधी तिला विचारत, पण तिला हलवू देत नसत. आणि तिला डोहाळे लागले ते आंबटाचे. दुपारी जेवणं आटोपली की ती तळहातावर मीठ घेऊन गडग्याशी यायची, पिकलेला टोमॅटो खुडायची, मिठात टेकवायची आणि उभ्या उभ्या तोंडात टाकायची. पहिल्यांदा विचारलंन्, "काकी, घेऊ?"

"घे गो. विचारतेस काय? तुझ्यासाठीच रुजलाय तो."

मग तिने विचारणं सोडलं. मला ते आवडलं होतं.

पौषात त्या टोमॅटोवर मावा आला. कोवळ्या शेंड्यांवर हिरवट दाणे पेरल्यासारखे, पानं चिकट, खाली मुंग्या. मी पाण्याचा फवारा मारून झाडला, पुन्हा आला. चवळीवर गेला, तिथून वांग्यावर. मी जेवताना, झोपताना, टीव्ही बघताना मावा, मावा करत होते. पण मला घाई नव्हती, कारण मागोमाग ढालकिडे आले होते. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ते किडे आणि त्यांच्या त्या काटेरी, करड्या अळ्या दिवसभर मावा खात असतात. फक्त थांबायचं असतं. हे मी ह्यांना सांगितलं होतं का? मला वाटतं, सांगितलं होतं. कटकट मी मोठ्याने केली आणि उपाय मनात ठेवला असंही असेल.

त्याच सुमारास मावसबहिणीच्या नातवाचं बारसं निघालं, वेळणेश्वरला. एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी मी निघाले. तवसाळहून फेरीबोटीने जयगड, तिथून गाडी. आरे-वाऱ्याच्या चढावर गाडी आली तेव्हा कातळावरच्या बागांतून पंपांचा आवाज येत होता. फवारण्या चालल्या होत्या. माझ्या मोठ्या दिरांची बागही त्याच बाजूला आहे. मी खिडकीची काच ओढून घेतली, एवढंच.

घरी पोचले तेव्हा दुपार टळत आली होती. पिशवी पडवीत ठेवली आणि सवयीप्रमाणे थेट परसात गेले. दारातच तो वास आला.

मला आधी वाटलं, वारा बागेकडून आला असेल. मग वांग्याच्या पानावर पाहिलं. पांढरट ठिपके वाळले होते, थेंब वाळल्यावर राहतात तसे. पान उलटलं. मावा होता, पण काळपट पडून सुकलेला. मातीवर मुंग्या उताण्या पडल्या होत्या. आणि ढालकिडे, सगळेच्या सगळे, बुंध्याशी गोळा होऊन पडले होते. एक अजून पाय हलवत होता.

हे पडवीत पेपर वाचत होते. मी काही विचारायच्या आत ह्यांनीच चष्म्यावरून बघितलं, आणि चेहऱ्यावर अशी खुशी, की बक्षीस मिळायचं बाकी आहे.

"बघितलंस? एक मावा शिल्लक नाही."

"काय मारलंत?"

"अगं, दादाकडे फवारणी होती. टाकीत तळाला उरलं होतं. तो ओतून देणार होता. म्हटलं, फुकट कशाला घालवा, पंपात भरून आणलं. आज सकाळी सगळ्या झाडांना मारलं. घाम निघाला माझा."

यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे हे सर्रास चालतं. कलमांची फवारणी झाली की टाकीच्या तळाशी जे राहतं ते परसातल्या भाजीला, फुलझाडांना, गोठ्यातल्या गोचिडांनासुद्धा मारतात. इतकी महागाची वस्तू ओतून देणं कुणाच्या जिवावर येत नाही? कलमावर चालतं तर वांग्यावर का नाही, असा हिशेब. फरक एवढाच, की मोहोरावर औषध मारल्यापासून आंबा खायला तयार व्हायला महिने जातात, आणि टोमॅटो दुपारी पिकलेला असतो.

टोमॅटो म्हटल्यावर माझे पाय गडग्याकडे वळले. आमच्या बाजूला चार-दोन पिकली फळं होती, ठिपके धरलेली. पलीकडच्या बाजूला, जिथे काल-परवा घोस लाल झालेला मी पाहून गेले होते, तिथे नुसती देठं होती. हिरवी, ताजी. ती अजून सुकलीही नव्हती.

"भाबी!" मी हाक मारली. मग सुनेला मारली. कुणी ओ दिली नाही. मी वळसा घालून पुढच्या दाराशी गेले तर दाराला कुलूप. त्या घराला दिवसाढवळ्या कुलूप मी पाहिलंच नव्हतं. फोन लावला. फोन आत वाजला. खिडकीतून मला तो ऐकू येत होता, टेबलावर घुरघुरत, आणि मी वेड्यासारखी तो वाजू दिला.

समोरच्या किराणा दुकानातून हाक आली, "त्या नायत घरात. रिक्षातून गेल्या. सुनेला उलट्या होत होत्या. लय घाबरल्यावानी वाटली म्हातारी."

मी ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिले आणि देठं, उलट्या, कुलूप, सगळं एका दमात सांगितलं. ह्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा पेपर हातातून खाली गेला. मग हे जे बोलले त्याबद्दल मी तेव्हा फार रागावले होते. आता तितकी रागावत नाही, कारण भ्यालेलं माणूस असंच बोलतं.

"गरोदर बाईला उलट्या होतातच. त्यामुळेच असेल कशावरून? उगाच आपण जाऊन सांगायचं, आणि काही नसेल तर? वीस वर्षांचा शेजार आहे."

"आणि असेल तर?" मी ओरडले. "डॉक्टर तिला पित्ताची गोळी देऊन घरी पाठवतील! कुठलं औषध होतं ते सांगा."

"तुडतुड्यांचं."

"नाव!"

नाव ह्यांना ठाऊक नव्हतं. दोन बाटल्या होत्या म्हणाले, आणि वर ते चिकटद्रव. ते कशासाठी असतं हे मला माहीत होतं. दवाने, पाण्याने औषध धुऊन जाऊ नये म्हणून ते घालतात. म्हणजे तिने फळ धुऊन खाल्लं असलं तरी मला धीर नव्हता. दिरांना फोन लावला, तो लागेना. बागेत कातळावर रेंज मिळत नाही. मग मीच ठरवलं. ह्यांनी स्कूटरवर बागेत जायचं, बाटल्या शोधायच्या, त्यांचा फोटो काढून मला पाठवायचा. मी दवाखान्यात जायचं. ह्यांनी चावी घेतली. फाटकातून बाहेर पडताना स्कूटर दोनदा बंद पडली.

रिक्षात मी काय काय मनात आणलं ते लिहिण्यासारखं नाही. सगळ्यात वाईट विचार हा, की मी गाडीतून उतरल्या उतरल्या आधी परसात गेले नसते तर मला हे कळलंच नसतं. आणि क्षणभर, अगदी क्षणभर, तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं.

भाबी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. हातात तसबी होती पण मणी सरकत नव्हते. मला बघून त्यांना बरं वाटलं, तेच मला सोसवेना.

"तू कशाला इतक्या लांब आलीस गो बाय? काय नाय, पोरीन् जेवल्यावर ओकलंन्. दोन-तीनदा झाला तशी मना भीती वाटली. मागचा आठवला ना. आत सलाईन लावलान्."

"भाबी," मी म्हटलं, "आज सकाळी आमच्या घरातून टोमॅटोवर औषध मारलं गेलं. मी नव्हते. कलमांचं औषध. तिने ते टोमॅटो खाल्ले असतील."

त्या ओरडल्या असत्या, हात उगारला असता तरी मी उभी राहिले असते. त्या उठल्या, पदर डोक्यावर नीट घेतला आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार न ठोकता आत गेल्या. माझ्या आणि त्यांच्या मध्ये ते दार हळूहळू मिटत आलं.

डॉक्टरीण बाहेर आली. वयाने लहान, पण गडबडली नाही. तिने मला प्रश्न विचारले. कधी मारलं? काय मारलं? किती? पहिल्याचं उत्तर होतं. दुसऱ्यासाठी मी फोन हातात धरून उभी होते आणि फोनवर काही येत नव्हतं. "बाटलीचा फोटो येतोय," मी सांगत होते, "येतोय." ती पुन्हा आत गेली. मी तिच्या मागे दारात उभी राहिले, कुणी मला जा म्हटलं नाही.

ती पोरगी पलंगावर पडली होती. चेहरा उतरला होता पण शुद्धीत होती. डॉक्टरणीने तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या बघितल्या, कपाळाला हात लावून घाम आहे का ते पाहिलं, तोंडाला पाणी सुटतंय का विचारलं. मग म्हणाली, "टोमॅटो खाल्लेस का?"

"खाल्ले. पाच-सहा असतील." मग मला बघून तिला हसू आलं, तशाही स्थितीत. "काकी, आज जरा कडू लागले. पण मला हल्ली सगळंच कडू लागतं."

"धुऊन खाल्लेस?"

"ओढणीला पुसले."

फोन थरथरला. ह्यांनी दोन फोटो पाठवले होते. बाटल्या बागेत खोपीच्या मागे फेकलेल्या, चिखलाने माखलेल्या. ह्यांनी त्या हाताने पुसलेल्या दिसत होत्या. नंतर कळलं, रेंज मिळवायला ह्यांना अर्धा डोंगर उतरून यावं लागलं. फवारणीच्या बाटलीवर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला, आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले होते, आधी तो रंग बघा. एका बाटलीवर निळा होता. दुसरीवर पिवळा.

डॉक्टरणीने फोटो मोठा करून नाव वाचलं, स्वतःच्या फोनवर घेतला, कुणाला तरी फोन लावला. आतून बाहेर, बाहेरून आत. मी बाकावर बसले. शेजारी भाबी. आमच्या दोघींमध्ये माझी पर्स होती, ती मी उचलून मांडीवर घेतली, तरी त्या सरकल्या नाहीत. हे आले. लांब खांबाला टेकून उभे राहिले. कपड्यांना तो वास होता, म्हणून मी त्यांना जवळ येऊ दिलं नाही.

आतून एकदा त्या मशीनचा आवाज आला. पोटावर लावतात ते. आधी नुसती खरखर. ती खरखर इतका वेळ चालली की भाबींनी माझा हात धरला. कुणाचा हात हे त्यांच्या ध्यानात नसावं. मग ते ठोके आले, भराभर, एकामागोमाग एक, आणि भाबी खाली वाकून रडायला लागल्या. माझाही बांध फुटला. मग त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी हात सोडवून घेतला.

तिला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. उलट्या त्यामुळेच झाल्या की तशाच, हे सांगता येणार नाही असं डॉक्टरीण म्हणाली. बाहुल्या ठीक होत्या, नाडी ठीक होती, थोडक्यात निभावलं असावं. "सांगितलंत ते बरं केलंत," हेही म्हणाली. पण बाळावर पुढे काही होईल का, असं भाबींनी विचारलं तेव्हा तिने लगेच उत्तर दिलं नाही. "आपण लक्ष ठेवू," म्हणाली. त्या 'लक्ष ठेवू'वर आम्ही पुढचे तीन महिने काढले.

मी टोमॅटो मुळासकट उपटला. चवळी, वांगी, सगळं. लांबच्या कोपऱ्यात खड्डा काढून पुरलं. ह्यांनी खड्डा खणला, मी माती लोटली. गडगा उघडा पडला.

भाबी वाईट वागल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चांगल्या वागत होत्या. दिसल्या की विचारत, "काय, बरी हायस ना?" आमच्या घरी पाहुणे आले तर त्यांनी खुर्च्या दिल्या. पण गडग्यावरून काही यायचं बंद झालं. मी वाटी घेऊन गेले की त्या दारात येऊन घेत आणि रिकामी वाटी घासून, पुसून, दुसऱ्याच दिवशी परत येई. आमच्यात रिकामी वाटी कधी परत जात नसे. सून परसात यायची तर धुण्याच्या दोरीपर्यंत. मी सकाळी पानं उलटायला लागले की मला पानावर काहीच दिसत नसे. मी तिची चाल बघत असे. आज दमल्यासारखी आहे का? सूज आहे का? रात्री तिच्या खोलीत दिवा लागला की मी उठून बसायची.

चैत्र सरता सरता मुलगी झाली. मी गेले, नको नको म्हणत गेले. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं होतं. सुनेने माझ्या मांडीवर दिलं. मी दुपटं जरासं सोडलं, पाय बाहेर काढले, हात बाहेर काढले. करंगळीपासून सुरुवात केली. माझे ओठ हलत होते हे मला कळलं नाही.

"मीपण मोजली गो," भाबी शांतपणे म्हणाल्या. "पयल्याच दिवशी."

मी दुपटं नीट गुंडाळून बाळ परत दिलं. त्या बोलण्यात राग नव्हता. नुसतं खरं होतं.

वाटलं, आता मिटेल. मे महिन्यात एकदा भाबींनी गडग्यावरून हाक मारली आणि कढीपत्ता आहे का विचारलं. त्यांनी काहीतरी मागितलं म्हणून मी इतकी हरखले की झाडच्या झाड तोडून देणार होते. पुढच्या दाराशी आमचं कढीपत्त्याचं झाड आहे. त्यावर फवारणी झाली होती, पण जानेवारीत, आणि मी त्यानंतर ते पार गुडघ्यापर्यंत छाटलं होतं. सगळी नवी पालवी. एक अळी नाही, एक ठिपका नाही, पान न् पान चकचकीत. मी जुडी बांधून दिली. भाबींनी ती हातात धरून उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, "किती सोच्छ गो." दोन दिवसांनी पाचोळा लोटायला गेले तेव्हा ती जुडी गडग्यापलीकडे त्यांच्या खतखड्ड्यात दिसली. दोरासुद्धा सोडलेला नव्हता.

मला पहिल्यांदा अपमान वाटला. मग कळलं, त्यांच्याकडे त्या दिवशी कुणीतरी यायचं असेल, आमटीला खरंच हवा असेल, सवयीने मागितला असेल. आणि मग पान बघितलं असेल, एकही अळी नाही, म्हणजे औषध मारलेलंच. इतकं स्वच्छ पान, त्या घरी, आता कोण शिजवणार? मी तरी शिजवलं असतं का?

त्या दिवसापासून मी कढीपत्त्याला हात लावला नाही. पाऊस लागून झाड फुटलं तसं त्यावर फुलपाखरू घिरट्या घालू लागलं. इतर वर्षी मी ती मोत्यासारखी अंडी बोटाने पुसून टाकते. या वर्षी राहू दिली. अळ्या निघाल्या, आधी पाखराची शीट पडावी तशा काळ्या-पांढऱ्या, मग जाड हिरव्या. डिवचलं की डोक्यातून नारिंगी शिंगं काढतात आणि घाण वास सोडतात. एकेक अळी दिवसाला फांदी फस्त करत होती. मला रोज सकाळी हात शिवशिवायचे. आळीतल्या एकीने विचारलंन्, "अहो, तुमच्याच झाडाची ही दशा?" ह्यांनी एकदाच विचारलं, "काढू का?" मी नको म्हटलं, आणि ह्यांनी का म्हणून विचारलं नाही.

आषाढातल्या एका उघडिपीच्या सकाळी सून बाळाला खांद्यावर घेऊन आमच्या फाटकाशी आली. मी पुढच्या खोलीत होते, खिडकीतून ती दिसत होती. ती कढीपत्त्यापाशी थांबली. पान उलटलं. दुसरं उलटलं. भोकं पडलेली, कडा कुरतडलेली. एका काडीवर हिरवी अळी आरामात चालली होती, तिने ती बाळाला दाखवली. मग हाक दिली, "काकी, तुमचा कढीपत्ता अळ्यांनी खाल्लाय हां पार!"

"खाऊ दे गो," मी आतूनच म्हटलं. बाहेर जायचा मला धीर झाला नाही.

तिने ती अळी बोटाने अलगद बाजूच्या फांदीवर सरकवली, खाली उरलेले पानांचे दोन टाळे खुडले आणि गेली.

मी कामाला लागले पण लक्ष कुठे लागतंय. भांडी घासली ती पुन्हा घासली. पाचोळा नव्हता तरी खराटा घेऊन गडग्याशी गेले. त्यांच्या खतखड्ड्यात डोकावले, तिथे नुसत्या अंड्यांच्या टरफलांवर माशा बसल्या होत्या. परत आले. तासाभराने पुन्हा जाऊन बघून आले. ह्यांनी जेवायला वाढ म्हटलं तर म्हटलं, थांबा जरा.

मग गडग्यापलीकडे तेल तापल्याचा आवाज आला, मोहरी तडतडली, आणि मागोमाग कढीपत्त्याचा वास आमच्या स्वयंपाकघरात शिरला. मी ह्यांना हाक मारली आणि जेवायची पानं घेतली.